जेलची साथ आणि कोर्टाची तारीख

१९१८ सालच्या एप्रिल महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात एक नवा कैदी दाखल झाला. लॉस एंजेलिसच्या जेलमधून त्याची रवानगी इकडे झाली होती. तिथे त्याच्या सोबतीचे काही जण तापाने पडले होते आणि हा स्वतःही अंगात कणकण घेऊनच आला होता. आल्या दिवशी तो तुरुंगाच्या पटांगणात एकोणीसशे कैद्यांमध्ये फिरला, त्यांच्याच पंगतीला बसून जेवला आणि रात्री नव्याने आलेल्या वीसेक जणांबरोबर एका खोलीत कोंडला गेला. काही दिवसांतच सॅन क्वेंटिनच्या इस्पितळात खाटा पुरेनाशा झाल्या.

तुरुंगाचे डॉक्टर होते लिओ स्टॅनली. रोज सकाळी दवाखान्यासमोर कैद्यांची रांग लागे आणि त्या रांगेची मोजदाद ते ठेवत. साथीतले आकडे मांडून पाहिल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रांग रोज सारखी वाढत नव्हती. मंगळवारी-बुधवारी ती एकदम फुगायची आणि मग ओसरायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा मंगळवार-बुधवार. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दर रविवारी सकाळी कैद्यांना सिनेमा दाखवत. अर्धवट जमिनीखाली असलेल्या, दिवसाही दिवे लावावे लागणाऱ्या एका दालनात नऊशेवर माणसं खेटून बसत. पहिला खेळ सुटला की उरलेले तितकेच लगेच आत शिरत, आणि आधीच्यांनी सोडलेल्या उबट हवेतच दुसरा खेळ सुरू होई. रविवारी सिनेमा, मंगळवारी ताप. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडायला अजून पंधरा वर्षं होती, पण शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत त्याला किती वेळ लागतो, याचं उत्तर तुरुंगाच्या दवाखान्याच्या वहीत उतरलेलं होतं.

त्या पहिल्या साथीत शेकडो कैदी आजारी पडले, तीन दगावले. ऑक्टोबरमध्ये साथ पुन्हा आली, नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा आली. तिन्ही वेळा ती एखाद्या नव्या कैद्याबरोबरच आत आल्याचं स्टॅनलींनी नोंदवलं. पुढच्या वर्षी त्यांनी हे सगळं सरकारी आरोग्यपत्रिकेत छापलं. गर्दीचे कार्यक्रम बंद ठेवा, नव्या माणसाला आल्या आल्या सगळ्यांत मिसळू देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. (स्टॅनली हे काही साधुपुरुष नव्हते. फाशी दिलेल्या कैद्यांच्या अंडग्रंथी दुसऱ्या कैद्यांत बसवण्याचे त्यांचे अघोरी प्रयोग पुढे बरेच गाजले. पण साथीच्या बाबतीत त्यांचं निरीक्षण चोख होतं.)

आता एकशे दोन वर्षं पुढे येऊ. तुरुंग तोच.

मे २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या तुरुंगात कोविड पसरला होता आणि माणसं मरत होती. सॅन क्वेंटिनमध्ये तोपर्यंत कैद्यांत एकही रुग्ण नव्हता. चिनोतल्या वयस्कर, आजारी कैद्यांना धोका जास्त, तेव्हा त्यांना तिथून हलवावं, असं वरच्यांनी ठरवलं. हेतू चांगलाच होता. ३० मे रोजी १२०हून अधिक कैदी बसमध्ये घालून सॅन क्वेंटिनला पाठवले गेले. त्यांच्या चाचण्या झाल्या होत्या, पण कित्येकांच्या दोन-तीन आठवड्यांपूर्वी! त्या चाचणीचा कागद ‘निगेटिव्ह’ म्हणत होता, आणि कागद असला की कारकुनी जगात काम भागतं. सॅन क्वेंटिनला त्यांना ज्या इमारतीत ठेवलं ती पाच मजली, कोठड्यांना दारांऐवजी गज, एका मजल्यावरचा खोकला पाचही मजल्यांना ऐकू जाणारी. जूनच्या मध्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तुरुंगाला भेट देऊन तातडीचा अहवाल लिहिला. एका मोठ्या इमारतीच्या खिडक्या वेल्डिंग करून कायमच्या बंद केल्या होत्या आणि पंखे कित्येक दिवसांत फिरले नसावेत, असं त्यांना दिसलं. कैद्यांची संख्या निम्म्यावर आणा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते झालं नाही. उन्हाळा संपेपर्यंत २,२००हून जास्त कैद्यांना लागण झाली. २८ कैदी आणि एक कर्मचारी मेला. ऑक्टोबरमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने प्रशासनावर जाणूनबुजून बेपर्वाई केल्याचा ठपका ठेवला.

विज्ञानाच्या दृष्टीने १९१८ आणि २०२० यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. विषाणूचं जनुकीय वाचन काही दिवसांत होतं, लस वर्षभरात येते. तुरुंगापुरतं मात्र कोडं तिथेच अडलेलं. आत कोण येतं, कधी येतं आणि आत आधीच किती माणसं आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरच्या हातात नसतात. ती पोलिसांच्या, गृहखात्याच्या आणि कोर्टाच्या हातात असतात. तुरुंगातल्या साथींचा इतिहास जितका वाचावा तितकं मला पटत जातं की तिथला सगळ्यात मोठा साथरोगतज्ज्ञ म्हणजे जामिनाच्या अर्जावर सही करणारा न्यायाधीश. त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं, एवढंच.

आपली समजूत अशी, की तुरुंग म्हणजे बंद जागा. उंच भिंत, लोखंडी दार, त्यात कापलेली छोटी दिंडी. प्रत्यक्षात एखाद्या मध्यवर्ती कारागृहाच्या दारावर सकाळी उभं राहून पाहिलं तर एसटी स्टँडची आठवण व्हावी. पहाऱ्याचे शिपाई पाळी बदलून चाळीतल्या, वसाहतीतल्या घरी जातात. दूध-भाजीच्या गाड्या येतात. वकील येतात, मुलाखतीला नातेवाईक येतात. पोलिसांची ‘कैदी पार्टी’ तारखेला निघालेल्यांना गाडीत भरते. त्या गाडीत वेगवेगळ्या बराकींतली माणसं मांडीला मांडी लावून बसतात, दिवसभर कोर्टाच्या लॉकअपमध्ये आणखी तीन पोलीस ठाण्यांच्या आरोपींबरोबर थांबतात आणि संध्याकाळी आपापल्या बराकीत परततात. बहुतेकदा हातात मिळालेली असते ती फक्त पुढची तारीख. भिंत माणसाला अडवते, पण जंतूची ये-जा दिवसभर चालू असते. त्यात भर म्हणजे संध्याकाळी ‘बंदी’ झाली की सकाळी बराक उघडेपर्यंत बारा-बारा तास तीच माणसं तीच हवा घेत झोपतात. चाळीसांच्या जागेत शंभर असतील तर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं तरी शेजाऱ्याला उठवावं लागतं. खरूज हा आपल्या तुरुंगांचा जुना रहिवासी आहे तो याच कारणाने, आणि तिला कुणी साथ म्हणतसुद्धा नाही.

जेलमधून साथ बाहेर येते, हे युरोपला फार पूर्वी कळलं होतं, आणि तेही कोर्टातच. जुलै १५७७मध्ये ऑक्सफर्डच्या किल्ल्यात एका पुस्तकविक्रेत्याचा खटला चालला. कैद्यांना तुरुंगातून थेट न्यायालयात आणलं होतं. पुढच्या काही दिवसांत न्यायाधीश, शेरीफ, ज्युरीतले लोक आणि ऑक्सफर्डमधली सुमारे तीनशे माणसं तापाने मेली. शिक्षा झालेल्या पुस्तकविक्रेत्याचा तळतळाट लागला, असं लोक बोलू लागले. १७५०मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तेच झालं. न्यूगेट तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी भरलेल्या दालनातून ताप निघाला आणि शहराचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि कित्येक वकील-प्रेक्षक गेले. दुर्गंधीनेच रोग होतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून न्यायासनावर सुगंधी वनस्पती आणि फुलांचे गुच्छ ठेवू लागले. ओल्ड बेलीचे न्यायाधीश काही प्रसंगी हातात फुलांचा गुच्छ घेऊन येतात, ती प्रथा तिथूनची. न्यूगेटच्या छपरावर हवा खेळवण्यासाठी पवनचक्की बसवली. ती बसवताना कामगारच तापाने पडले.

हा ताप म्हणजे टायफस. विषमज्वर नव्हे, तो टायफॉइड, हा वेगळा. इंग्रज त्याला सरळ जेलचाच ताप म्हणत. त्याच्यामागे लागलेला माणूस म्हणजे जॉन हॉवर्ड. १७७३मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाल्यावर त्याने आपल्या ताब्यातला तुरुंग आत जाऊन पाहिला, आणि मग उरलेलं आयुष्य देशोदेशीचे तुरुंग पाहण्यात घालवलं. तुरुंगातून बाहेर पडल्यावर त्याच्या कपड्यांना इतका वास येई, की बंद घोडागाडीत बसणं त्याला अशक्य होई. तो घोड्यावर बसून प्रवास करी. टिपणवहीलाही वास लागलेला असे. ती विस्तवासमोर धरून शेकल्याखेरीज उघडता येत नसे. १७७४मध्ये पार्लमेंटने कैद्यांच्या आरोग्याचा कायदा केला: भिंती वर्षातून एकदा खरवडून चुना लावायचा, हवा खेळती ठेवायची, आजाऱ्यांना वेगळ्या खोल्या, आंघोळीची सोय, डॉक्टर. दोन न्यायाधीश गमावल्यावरही त्याला चोवीस वर्षं लागली! हॉवर्डने कायद्याच्या प्रती स्वखर्चाने छापून तुरुंगा-तुरुंगांना पाठवल्या, कारण सरकार ते करील यावर त्याचा भरवसा नव्हता. तो स्वतः १७९०मध्ये काळ्या समुद्राजवळच्या खेरसन इथे तापानेच मेला.

चुना, आंघोळ आणि कपडे शेकणं याचा गुण का येतो, ते कळायला १९०९ साल उजाडलं. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल नावाचा फ्रेंच डॉक्टर एक चमत्कारिक गोष्ट पाहत होता. टायफसचा रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत येताना वाटेत लोकांना रोग देतो; त्याचे कपडे गोळा करणाऱ्या माणसाला रोग होतो; पण न्हाऊन-धुऊन इस्पितळाचे कपडे घातलेला तोच रोगी वॉर्डात निर्धोक असतो. म्हणजे रोग कपड्यांत आहे, आणि कपड्यांत असते ऊ. डोक्यातली नव्हे, कपड्याच्या शिवणीत राहणारी. निकोलला या शोधासाठी नोबेल मिळालं. एकदा तो सहकाऱ्याबरोबर साथ चालू असलेल्या एका तुरुंगात जायचा होता. स्वतःच आजारी पडल्याने ऐन वेळी राहिला. जे गेले त्यांना तिथे टायफस झाला आणि ते वाचले नाहीत. टायफस आटोक्यात यायला औषध लागलं नाही. अंगावरचे कपडे बदलण्याएवढे कपडे आणि आंघोळीएवढं पाणी लागलं. ते एका माणसाला पुरवणं स्वस्त आहे. आठशेच्या जागी अठ्ठावीसशे असले की महाग होतं.

तुरुंगाने साथीच्या विज्ञानाला काय शिकवलं, ते पाहायला आता मुंबईला यावं लागतं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला आणि शहर रिकामं होऊ लागलं. ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि व्हरांडा एवढ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या हाउस ऑफ करेक्शन या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकीन तिथे पोचले. स्वेच्छेने पुढे आलेल्या, जवळपास निम्म्या कैद्यांना लस टोचली. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

हाफकीनना तुरुंग इतका सोयीचा का वाटला, याचा विचार केला तर अंगावर शहारा येतो. सगळे तेच अन्न खातात, तेच पाणी पितात, एकाच वेळी झोपतात-उठतात आणि रोज त्यांची गिनती होते. शहरात लस टोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी गावी पळून गेला तर त्याचं काय झालं ते कळत नाही. इथे कुणी पळत नाही. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात तर कैद्यांना रांगांनी बसवून दर दुसऱ्या माणसाला लस टोचली. आज नव्या औषधाची परीक्षा घेताना रोग्यांचे दोन सारखे गट पाडतात, त्याचा हा कच्चा आराखडाच. ‘स्वेच्छेने’ या शब्दाचा गजांआड अर्थ किती उरतो, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. आता असे प्रयोग कैद्यांवर करता येत नाहीत, ते योग्यच आहे. तरी परळच्या हाफकीन संस्थेपुढून जाताना आपण त्या अनाम कैद्यांचं काही देणं लागतो, हे लक्षात असू द्यावं.

प्लेग आणि टायफस आरडाओरडा करत येतात. तुरुंगाचा खरा जुना वैरी गुपचूप येतो: क्षय. खोकल्यातून सुटलेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. जंतू आत गेला तरी रोग वर यायला महिने, कधी वर्षं लागतात, त्यामुळे कोणी कुणाला दिला याचा माग लागत नाही. जगभर तुरुंगांत क्षयाचं प्रमाण बाहेरच्या समाजाच्या कित्येक पट असतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात सुमारे दहा लाख माणसं तुरुंगात होती आणि दहातल्या एकाला क्षय होता. औषधं अर्धवट मिळत. कधी एकच गोळी, कधी महिनाभर काहीच नाही. क्षयाच्या जंतूला याहून सोयीचं काही नाही. अर्ध्या उपचारातून जगलेले जंतू औषधाला जुमानत नाहीत, आणि तेच शेजारच्या खाटेवर जातात. मग हा माणूस शिक्षा संपवून घरी जातो. सायबेरियातल्या तोम्स्क प्रांतात पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेच्या डॉक्टरांनी तुरुंग आणि नागरी आरोग्यखातं यांची एकच उपचारसाखळी उभी केली तेव्हा कुठे उतार पडू लागला. कैदी सुटला तर त्याचं औषध त्याच्याआधी त्याच्या गावी पोचलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे हे नेमकं इथेच निसटतं. क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो, आणि कच्च्या, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या, कैद्याचा जामीन तिसऱ्या महिन्यात होतो. संध्याकाळी सुटका होते. सुटलेला माणूस नीट पत्ता देत नाही, कारण पोलीस पुन्हा दारात नकोत. क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी ऑनलाइन नोंदीत त्याचा क्रमांक राहतो, माणूस हरवतो.

रक्तावाटे जाणाऱ्या एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं शास्त्र सोपं आणि राजकारण अवघड आहे. १९९२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका तुरुंगाच्या डॉक्टरने वरिष्ठांना न विचारता नशेच्या आहारी गेलेल्या कैद्यांना स्वच्छ सुया द्यायला सुरुवात केली. बाहेर आपण हेच करतो, मग आत का नाही, असा त्याचा सवाल होता. वरिष्ठांनी पुढे ते मान्य केलं. बहुतेक देश अजूनही ‘आमच्या तुरुंगात नशा होतच नाही’ म्हणून मोकळे होतात.

साथ आली की तुरुंगप्रशासनाला पहिला उपाय सुचतो तो दार बंद करण्याचा. मार्च २०२०मध्ये इटलीने कैद्यांच्या भेटी बंद केल्या. आठवड्याभरात देशभरातल्या डझनावारी तुरुंगांत दंगे उसळले आणि १३ कैदी मेले, त्यांतले ९ एकट्या मोदेना शहराच्या तुरुंगातले. बहुतेकांचा मृत्यू दंगलीत लुटलेल्या औषधांच्या अतिरेकाने झाला. भेट म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही. आतल्या माणसाला घरचं सगळं तिथून कळतं: बायको बरी आहे का, वकिलाला पैसे पोचले का, मुलगी पास झाली का. त्याच्या जागी फोन न देता भेट काढून घेतली तर उद्रेक होणारच. दुसरा तसाच उपाय म्हणजे आजाऱ्याला शिक्षेच्या कोठडीत टाकणं, कारण वेगळी खोली तेवढीच असते. सॅन क्वेंटिनमध्ये हेच केलं. मग कैदी ताप लपवू लागले. ताप सांगितला की एकांतकोठडी मिळते, अशी व्यवस्था असेल तर कोण सांगेल? आजाऱ्याच्या खोलीत रेडिओ, फोन, उजेड आणि घरचं पत्र पोचलं पाहिजे, हा लाड नव्हे. रोग वेळेवर कळण्याची ती किंमत आहे.

मुंबईतलं आर्थर रोड जेल साने गुरुजी मार्गावर आहे. त्याच रस्त्यावर संसर्गजन्य रोगांचं कस्तुरबा रुग्णालय आहे. प्लेगच्या काळापासून मुंबईच्या साथी तिथेच जातात. इतका सोयीचा शेजार क्वचितच कुठल्या तुरुंगाला लाभला असेल. २०२०च्या उन्हाळ्यात या जेलची मंजूर क्षमता सुमारे ८०० होती आणि आत अडीच हजारांच्या वर माणसं होती. २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्राची समिती झाली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन, पक्क्यांना अभिवचन रजा असं ठरलं. एप्रिलमध्ये राज्यातल्या काही जेलना पूर्ण टाळं लागलं. कर्मचारीही आतच राहू लागले. तरीही मेच्या पहिल्या पंधरवड्यात आर्थर रोडमध्ये दीडशेहून अधिक कैदी बाधित निघाले. त्यानंतर समितीचा हात सैल सुटला. राज्यातल्या सुमारे ३५ हजार कैद्यांपैकी निम्मे सोडण्याचा निर्णय झाला. नव्याने अटक झालेल्यांसाठी शाळा-वसतिगृहांत तात्पुरती कारागृहं उघडली, म्हणजे थेट बराकीत कुणी शिरणार नाही. स्टॅनलींनी १९१९मध्ये हेच सुचवलं होतं.

हे चांगलंच झालं. पण सुटकेची यादी करताना जी चाळणी लावली ती गुन्ह्याच्या कलमांची होती. वयाची, दम्याची, मधुमेहाची नव्हती. मोक्का, यूएपीए, आर्थिक गुन्हे यांतल्या आरोपींना सवलत नव्हती. न्यायव्यवस्थेचा तर्क कळतो. विषाणूला कलम कळत नाही. तळोजा कारागृहातले यूएपीएचे एक आरोपी फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते आणि त्यांना पार्किन्सन्सचा आजार होता. उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२१च्या अखेरीस त्यांना रुग्णालयात हलवलं, तिथे कोविडचं निदान झालं आणि ५ जुलै रोजी ते गेले. त्यांचा जामीनअर्ज तेव्हा प्रलंबित होता. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल कुणाचं काही मत असो. साथीच्या दृष्टीने पाहता यादीत पहिलं नाव त्यांच्यासारख्यांचं हवं होतं.

बाकीचं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांतून वाचावं. कोविडच्या आधी, २०१९च्या अखेरीस, देशातले तुरुंग क्षमतेच्या ११८.५ टक्के भरलेले होते. २०२०च्या अखेरीस, एवढी माणसं सोडूनही, ११८ टक्के. २०२१ला १३०.२. २०२२ला १३१.४: चार लाख छत्तीस हजार जागा आणि पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसं. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साथीपुरत्या सोडलेल्यांना पंधरा दिवसांत परत हजर व्हायला सांगितलं. म्हणजे पुढची साथ येईल तेव्हा आपण मागच्यापेक्षा जास्त गर्दीने तिचं स्वागत करणार आहोत. २०२२च्या अखेरीस आत असलेल्या शंभरांपैकी ७६ जण कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. कित्येकांना जामीन मंजूरही झालेला असतो, फक्त जामीनदार मिळत नाही.

उपाय कायद्याच्या पुस्तकात आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, आणि गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल, तर त्याला सोडावं. आणि त्यासाठी कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधीक्षकावर टाकली आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३चा आदेश आहे. यातलं काहीच आपोआप होत नाही. कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो. तेव्हा तुमच्या घरकामाच्या बाईंचा मुलगा, रिक्षावाल्याचा भाऊ, कारखान्यातला जुना सोबती असा कुणी जामीन होऊनही आत असेल तर त्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय दाखवा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावून द्या. वकील मोफत मिळतो.